धरणावर वीज प्रकल्प येतोय? सिंचनाच्या पाण्याचा हिशेब असा तपासा

आपल्या धरणातून एखाद्या नव्या ऊर्जा प्रकल्पाला पाणी मंजूर झाल्याची बातमी आली की गावात दोन प्रकारची चर्चा होते. काही जण म्हणतात, "आता आपले आवर्तन गेले." काही जण म्हणतात, "धरण मोठे आहे, एवढ्याने काय फरक पडतो?" दोन्ही बाजूंकडे बहुतेक वेळा आकडे नसतात. हे आकडे काढणे अवघड नाही. शेतकरी, पाणी वापर संस्थांचे पदाधिकारी आणि कृषी सहाय्यक यांना हा हिशेब स्वतः मांडता यावा, यासाठी हा लेख आहे.

प्रकल्पाला पाणी किती लागते?

कोळशावरील औष्णिक केंद्रात वाफेवर जनित्र फिरते आणि ती वाफ पुन्हा थंड करावी लागते. सर्वाधिक पाणी या शीतकरण मनोऱ्यांतून बाष्प होऊन उडते. राख वाहून नेण्यासाठीही पाणी लागते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये पाणीवापराची मर्यादा घातली आणि २०१८ मध्ये तिच्यात दुरुस्ती केली. त्यानुसार १ जानेवारी २०१७ नंतर उभारलेल्या केंद्रांना एका मेगावॅट-तास विजेमागे जास्तीत जास्त ३ घनमीटर पाणी वापरता येते. म्हणजे एका युनिटमागे ३ लिटर. जुन्या केंद्रांसाठी ही मर्यादा साडेतीन लिटर आहे.

१००० मेगावॅटचे केंद्र वर्षभर ८५ टक्के क्षमतेने चालले, तर या हिशेबाने त्याला सुमारे २२ दशलक्ष घनमीटर (दलघमी) पाणी लागते. टीएमसीमध्ये हे साधारण ०.८ टीएमसी होते.

इतर ऊर्जा प्रकल्पांचे गणित वेगळे आहे. सौर प्रकल्पाला फक्त पॅनेल धुण्यापुरते पाणी लागते. पवनऊर्जेला जवळपास लागतच नाही. एक किलो हरित हायड्रोजनसाठी रसायनशास्त्राच्या हिशेबाने ९ लिटर शुद्ध पाणी लागते. शुद्धीकरणात वाया जाणारे आणि थंड करण्यासाठीचे पाणी धरले, तर ही गरज दुप्पट-तिप्पट होते. उदंचन जलविद्युत प्रकल्पात तेच पाणी खालच्या आणि वरच्या तलावांत फिरत राहते. त्यामुळे पहिल्या भरणीला मोठा साठा लागतो, नंतर फक्त बाष्पीभवन आणि पाझर भरून काढावा लागतो. म्हणून "ऊर्जा प्रकल्प" एवढे ऐकून निष्कर्ष काढू नका. प्रकल्प कोणता आणि किती क्षमतेचा, हे आधी विचारा.

दलघमीचे हेक्टर कसे करायचे?

अमरावतीजवळच्या नांदगावपेठ औष्णिक केंद्रासाठी ऊर्ध्व वर्धा धरणातून वर्षाला ८७.६ दलघमी पाणी मंजूर झाले होते. त्यामुळे सुमारे २३ हजार हेक्टर सिंचनक्षमता कमी होईल, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. शेतकऱ्यांनी आंदोलने केली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. या आकड्यांचा भागाकार केला, तर एका हेक्टरमागे साधारण ३८०० घनमीटर पाणी येते. म्हणजे १ दलघमी पाण्यावर सुमारे २६० हेक्टर.

हे प्रमाण ढोबळ आहे. पीक, जमीन आणि कालव्यातील गळती यांनुसार ते बदलते. तरी पहिला अंदाज घेण्यास ते पुरेसे आहे. या हिशेबाने १००० मेगावॅटच्या केंद्राचे २२ दलघमी पाणी म्हणजे जवळपास ५७०० हेक्टरचे सिंचन.

खरा फरक कमी पावसाच्या वर्षी दिसतो

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. पाणीवाटपाचे कागद बहुधा धरण पूर्ण भरेल असे धरून वाचले जातात. आपले सिंचन प्रकल्प मात्र ७५ टक्के विश्वासार्हतेवर आखलेले असतात. म्हणजे चारपैकी तीन वर्षे ठरलेले पाणी मिळेल, चौथ्या वर्षी तूट असेल. प्रकल्पाला मात्र चारही वर्षे पाणी हवे असते.

एक उदाहरण घ्या. बाष्पीभवन सध्या बाजूला ठेवू. धरणाचा उपयुक्त साठा १०० दलघमी आहे. पिण्यासाठी १५ आणि नव्या प्रकल्पासाठी २० दलघमी राखीव आहे.

• धरण पूर्ण भरले: प्रकल्पाआधी शेतीला ८५ दलघमी मिळत होते, आता ६५ मिळतील. घट २४ टक्के.
• धरण निम्मे भरले: प्रकल्पाआधी शेतीला ३५ दलघमी मिळत होते, आता फक्त १५ मिळतील. घट ५७ टक्के.

प्रकल्पाचा वाटा दोन्ही वर्षी २० दलघमीच आहे. पण तूट पूर्णपणे शेतीच्या वाट्याला आली, तर निम्म्या भरलेल्या धरणात शेतीचे पाणी निम्म्याहून अधिक घटते. टेलच्या शेतकऱ्याला त्या वर्षी कदाचित एकही आवर्तन मिळणार नाही. म्हणून सरासरी वर्षाचा आकडा कोणी सांगितला, तर निम्म्या साठ्याच्या वर्षाचा आकडा मागून घ्या.

याला वेळेचाही पैलू आहे. रब्बीची आवर्तने फेब्रुवारी-मार्चपर्यंत उरकतात. प्रकल्पाला एप्रिल, मे आणि जूनमध्येही रोज पाणी लागते, म्हणून त्याचा साठा उन्हाळाभर धरून ठेवावा लागतो. मे महिन्यात जलाशयावरून दिवसाला ७ मिमी बाष्पीभवन धरले, तर १००० हेक्टर पाणपसाऱ्यावरून रोज ७० हजार घनमीटर पाणी उडते. वरच्या १००० मेगावॅट केंद्राचा रोजचा वापर साधारण ६१ हजार घनमीटर आहे. म्हणजे उन्हाळ्यासाठी राखलेल्या पाण्याबरोबर बाष्पीभवनाचीही तरतूद करावी लागते. हा भार कोणाच्या खात्यावर टाकला आहे, ते तपासा.

बेभरवशाचे पाणी प्रकल्पालाही परवडत नाही

परळीचे औष्णिक केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. तुटीच्या खोऱ्यात धरणाच्याच पाण्यावर प्रकल्प उभा केला, की दुष्काळात शेतीही अडचणीत येते आणि वीजनिर्मितीही. म्हणून प्रकल्पाला स्वतंत्र, बारमाही स्रोत मिळणे शेतकरी आणि प्रकल्प या दोघांच्याही हिताचे आहे.

असा स्रोत म्हणजे शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी. दुष्काळ असो वा नसो, शहरातून ते रोज येते. माणशी १३५ लिटर पुरवठा आणि त्यातील ८० टक्के परतावा धरला, तर एक लाख लोकवस्तीतून दिवसाला सुमारे १ कोटी ८ लाख लिटर सांडपाणी मिळते. नागपूरच्या भांडेवाडी येथील सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते महानिर्मितीच्या कोराडी केंद्राला देण्यासाठी दिवसाला १३ कोटी लिटरची योजना उभी राहिली. वर्षाला हे ४७ दलघमीहून अधिक होते. कोराडीतील ६६० मेगावॅटच्या तीन संचांची गरज वरच्या मर्यादेनुसार साधारण ४४ दलघमी येते. म्हणजे एका मोठ्या शहराचे सांडपाणी जवळपास २००० मेगावॅटची गरज भागवू शकते. तेवढेच पेंचचे पाणी पिण्यासाठी आणि शेतीसाठी मोकळे होऊ शकते.

केंद्राच्या जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणातही ही तरतूद आहे. नगरपालिका किंवा तत्सम संस्थेच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्राने हे पाणी वापरणे बंधनकारक आहे. त्याचा खर्च वीजदरात धरता येतो.

एक काळजी मात्र घ्यावी. शहराखालच्या नाल्या-नद्यांतून सांडपाणी उपसून भाजीपाला आणि चारा घेणारे शेतकरी अनेक ठिकाणी आहेत. सगळे पाणी प्रकल्पाकडे वळवले, तर त्यांचा उपसा थांबेल. त्यांची नोंद आधी व्हायला हवी.

शीतकरण हवेवर करण्याचाही पर्याय आहे. त्यात पाण्याची गरज खूप घटते, पण खर्च वाढतो आणि वीजनिर्मिती काहीशी कमी होते. राख कोरडी हाताळली तरी पाणी वाचते.

जनसुनावणीत विचारायचे सहा प्रश्न

पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी आवश्यक असलेल्या प्रकल्पांत २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. लेखी हरकतही नोंदवता येते. सुनावणीला जाताना हे प्रश्न लिहून न्या आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायला सांगा.

१. एका युनिटमागे किती लिटर पाणी वापरणार? वर्षाला एकूण किती दलघमी?
२. धरण ५० टक्के भरल्यास पिणे, शेती आणि प्रकल्प यांना प्रत्येकी किती पाणी मिळेल?
३. टंचाईत प्रकल्पाच्या पाण्यात किती कपात होईल? ते करारात लिहिले आहे का?
४. ५० किलोमीटरच्या आत कोणते सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे? ते पाणी का घेत नाही?
५. किती हेक्टर सिंचन कमी होणार? सिंचन पुनर्स्थापनेसाठी प्रकल्पाकडून घ्यायची रक्कम याच लाभक्षेत्रात, कोणत्या कामावर खर्च होणार?
६. प्रकल्पाच्या उपशावर मीटर असेल का? त्याची मासिक नोंद पाणी वापर संस्थेला मिळेल का?

पाचव्या प्रश्नावर भर द्या. कालव्याचे अस्तरीकरण, चाऱ्यांची दुरुस्ती आणि ठिबक यांतून वाचलेले पाणी हीच त्या कमी झालेल्या पाण्याची भरपाई आहे.

आवर्तने कमी झाली तर पिकाचे नियोजन

पाण्याची बाजू मांडत असतानाच रब्बीचे नियोजनही करावे लागेल. गव्हाला एकच पाणी शक्य असेल, तर ते पेरणीनंतर ४० ते ४२ दिवसांनी द्या. दोन पाणी मिळणार असतील, तर पहिले २० ते २२ आणि दुसरे ६० ते ६५ दिवसांनी द्या. तीन असतील, तर २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५ दिवसांनी. एक-दोन आवर्तनांचीच खात्री असेल, तर भारी जमिनीत हरभरा अधिक भरवशाचा. त्याला फांद्या फुटताना आणि घाटे भरताना पाणी द्यावे. फळबागेला उन्हाळ्यातही पाणी लागते. त्यामुळे केवळ कालव्याच्या भरवशावर नवी लागवड करण्याआधी विहिरीचा मे महिन्यातील साठा पाहून घ्या.

रब्बीपूर्वी कालवा सल्लागार समितीची बैठक होते. त्याआधी शाखा कार्यालयातून धरणाचा उपयुक्त साठा, पिण्याचे आरक्षण आणि बिगरसिंचन मंजुरी हे तीन आकडे लेखी घ्या. वरच्या उदाहरणाप्रमाणे पूर्ण आणि निम्म्या साठ्याचा तक्ता तयार करा आणि तो पाणी वापर संस्थेच्या ठरावासोबत बैठकीत द्या.