विहिरीजवळचा जाईचा वेल : औषध आणि त्याची मर्यादा

वसतिगृहामागील विहिरीजवळ जाईचा जो वेल आहे, त्याच्याशी येथे शिकून गेलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांचा काही ना काही संबंध आलेला आहे. कोणी पौर्णिमेच्या वंदनेसाठी त्याची फुले वेचली, कोणी तोंड आले असता त्याची पाने चघळली. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या वेलाच्या आणि त्याच्या कुळातील फुलांच्या औषधी गुणांविषयी चार गोष्टी मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम नावांचा गोंधळ दूर करणे इष्ट ठरेल. जाई, जुई, मोगरा, कुंद आणि सह्याद्रीत आढळणारी कुसर या सर्व वनस्पती जास्मिनम या एकाच प्रजातीत मोडतात. संस्कृतमध्ये जाईला जाती, जुईला यूथिका आणि मोगऱ्याला मल्लिका अशी नावे आहेत. रातराणी मात्र या कुळातील नव्हे. इंग्रजीत तिला रात्री फुलणारी जॅस्मिन म्हणतात, म्हणून पुष्कळांची फसगत होते. परंतु ती वांगे-बटाट्याच्या कुळातील असून तिची फळे विषारी आहेत. ज्या वनस्पतीचे पान तोंडात घालावयाचे, तिची ओळख आधी निश्चित असली पाहिजे.

पालि वाङ्मयात या फुलांचा उल्लेख अनेक ठिकाणी येतो. सुगंधी फुलांमध्ये ‘वस्सिक’, म्हणजे पावसाळ्यात फुलणारी मोगऱ्याच्या जातीची फुले, श्रेष्ठ मानली गेली आहेत. कोसलनरेश प्रसेनजिताची राणी मल्लिका ही माळाकाराची कन्या होती आणि तिचे नावही याच फुलाचे. तथापि अष्टशील पाळणारा उपासक माला, गंध आणि विलेपन यांपासून विरत राहतो. मग औषधाचे काय? विनयपिटकातील महावग्गात औषधांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात कडुनिंब, कुडा, पटोल, तुळस आणि कापूस यांची पाने, तसेच अन्न म्हणून न खाल्ली जाणारी अशीच इतर औषधी पाने आजारी भिक्षूस वापरण्याची अनुमती दिलेली आहे. नटण्यासाठी जे वर्ज्य, ते व्याधीच्या उपशमासाठी वर्ज्य नाही, हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

आयुर्वेदात जाईच्या फुलापेक्षा पानाचा मान मोठा आहे. पान चवीला कडू व तुरट असते. तोंड आल्यास ते चावून रस तोंडात खेळवावा व थुंकून टाकावा, हा उपाय वैद्यांनी सांगितला आणि घरोघरच्या आजींनी टिकवला. जखमांसाठीचे प्रसिद्ध जात्यादि तेल याच वेलाच्या नावाने ओळखले जाते. जाई, कडुनिंब, पटोल व करंज यांची पाने, त्यांच्यासोबत हळद, दारुहळद, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, मेण आणि मोरचूद ही त्यातील प्रमुख द्रव्ये होत. मोरचूद विषारी असल्यामुळे हे तेल केवळ बाहेरून लावण्यासाठी आहे. ते पोटात जाता कामा नये. जुईच्या पानांमुळे जखम लवकर भरते, असे प्रयोगशाळेत उंदरांवर केलेल्या प्रयोगांत दिसून आले आहे. मात्र उंदरांवरील प्रयोग हा माणसाच्या जखमेचा पूर्ण पुरावा मानता येत नाही.

मोगऱ्याच्या फुलाचा एक उपयोग दक्षिण भारतात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्या मातेचे बाळ दगावते, तिचे दूध आटावे म्हणून तिच्या छातीवर मोगऱ्याची फुले बांधतात. वेल्लोर येथील डॉक्टरांनी या रूढीची पारख केली आणि १९८८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फुले बांधलेल्या मातांच्या रक्तातील दूध निर्माण करणाऱ्या संप्रेरकाचे प्रमाण खरोखरच घटलेले आढळले. तुलनेसाठी दिलेल्या गोळीने ते अधिक घटले. परंतु दूध थांबवण्याच्या कामी दोन्ही उपाय जवळपास सारखे ठरले. याचा दुसरा अर्थही ध्यानी ठेवावयास हवा. अंगावर पाजणाऱ्या मातेने ही फुले छातीशी बांधू नयेत.

आता सुगंधोपचाराकडे वळू. ‘अरोमाथेरपी’ हा शब्द फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गातफोसे यांनी रूढ केला. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९३७ सालचा. आपल्याकडे मात्र तिळावर चमेलीच्या फुलांचे थर रचून, तिळात गंध मुरल्यावर ते गाळून तेल काढण्याची पद्धत फार जुनी आहे. जाईच्या कळ्या रात्री उमलतात, म्हणून फुले पहाटेच वेचावी लागतात. सुमारे हजार किलो फुलांपासून अवघे एक-दीड किलो शुद्ध अर्क मिळतो. त्यामुळे बाजारात अल्प किमतीत मिळणारी ‘शुद्ध जाईचे तेल’ म्हणून विकली जाणारी बाटली बहुधा कृत्रिम गंधाची असते.

या गंधाने मन शांत होते, झोप लागते, असे सर्वत्र सांगितले जाते. परंतु २०१० साली प्रसिद्ध झालेल्या थायलंडमधील एका अभ्यासात जाईच्या तेलाने मर्दन केलेल्या निरोगी व्यक्तींचा श्वासाचा वेग व रक्तदाब किंचित वाढला आणि त्यांना अधिक तरतरी वाटली. गंध सुखद असला म्हणजे तो झोप आणतोच असे नव्हे. शिवाय निर्भेळ अर्क त्वचेवर थेट लावल्यास काहींना पुरळ उठते. तो खोबरेल किंवा तिळाच्या तेलात थेंबभर मिसळूनच वापरावा. दम्याच्या मुलांजवळ कोणताही उग्र गंध टाळावा.

हे सर्व लिहिण्यास एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याच्या तळपायात गंजलेला खिळा घुसला. ओरडा बसेल या भीतीने त्याने कोणास सांगितले नाही. मित्रांनी जाईचा पाला वाटून जखमेवर बांधला. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, ताप चढला, तेव्हा आम्हांस कळले. तो बरा झाला. परंतु रुग्णालयातील डॉक्टरांनी जे विचारले ते आम्ही विसरलो नाही. धनुर्वाताची लस कधी दिली होती, याचे उत्तर त्या क्षणी आमच्यापैकी कोणाजवळही नव्हते. दोष त्या पाल्याचा नव्हता, त्या मुलांचाही नव्हता. कोणत्या जखमेला पान पुरते आणि कोणत्या जखमेला पुरत नाही, हे आम्ही त्यांना शिकवले नव्हते.

तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याच्या लसीकरणाची नोंद वसतिगृहाच्या वहीत ठेवली जाते. वेलाजवळ एक फलक लावलेला आहे. त्यावर वेलाचे मराठी, पालि व शास्त्रीय नाव आहे आणि खाली तीन सूचना आहेत : तोंड आल्यास पान चावावे, खरचटल्यास आधी स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावे, खोल जखम, गंजलेले लोखंड, प्राण्याचा चावा किंवा ताप असल्यास पाल्याला हात न लावता तत्काळ गुरुजींना किंवा ताईंना सांगावे, कोणीही रागावणार नाही. शेवटचे तीन शब्द आम्ही मोठ्या अक्षरांत लिहवून घेतले आहेत.