साळूचा कांटा

गेल्या महिन्यांत धाकट्या सुनेचें सीमंतोन्नयन ठरलें आणि कर्वेनगरच्या आमच्या घरांत साळिंदराच्या कांट्याचा शोध सुरू झाला. वडिलांच्या वेळचा कांटा देवघरांतील डबींतून मीं काढतांच वडील भगिनी आक्का म्हणाल्या, "अरे, साळूचा कांटा घरांत नको; भांडणें लागतात!" आश्वलायन गृह्यसूत्रानें पत्नीचा भांग पाडण्यासाठीं तीन ठिकाणीं पांढरा असलेला हाच कांटा सांगितला आहे. मग तो कलहाचें मूळ कसा?

या प्राण्याविषयीं गैरसमज फार. तो बाणासारखे कांटे फेंकतो, असें ॲरिस्टॉटलनेंही लिहिलें होतें. वस्तुतः कांटे म्हणजे कठीण झालेले केसच. ते सैल बसलेले असतात. शत्रू दिसतांच साळिंदर कांटे फुलवितें, पाय आपटतें, शेपटीवरील पोकळ कांटे खुळखुळवितें. तरीही तो न हटल्यास उलट्या पावलीं त्याच्यावर धांवून जातें. कांटे रुततात व निसटून तेथेंच राहतात. 'श्वाविध्', म्हणजे कुत्र्यास विंधणारा, हें संस्कृत नांव किती समर्पक! मुक्तेश्वरची वाघीण साळिंदराशीं झालेल्या झटापटींत एक डोळा गमावून व सुमारे ५० कांटे अंगांत घेऊन पुढें नरभक्षक झाली, असें जिम कॉर्बेटनें नोंदविलें आहे.

साळिंदर हें उंदराचें भाऊबंद. रात्रीं बाहेर पडून कंदमुळें, साली व शेतांतील भुईमूग खातें. शेतकरी त्यावर रुष्ट असतो, तें उगीच नव्हे. बिळापाशीं हाडें पाहून लोक त्यास मांसाहारी समजतात. परंतु तीं हाडें चुन्याच्या अंशासाठीं व सतत वाढणारे दांत झिजविण्यासाठीं कुरतडलेलीं असतात. नर-मादी जोडीनें राहतात. पिलांचे कांटे जन्मतः मऊ असतात, हें मातेचें भाग्यच.

(रामायणांत वाली भक्ष्य पंचनखी प्राण्यांत शल्यकाची गणना करतो. वाचकांनीं नाक मुरडूं नये.)

हें सर्व ऐकून नातवानें विचारलें, "आजोबा, ह्या कांट्यासाठीं त्याला मारलें होतें का?" कांटा आपोआप गळतो व नवा येतो, हें मीं सांगितलें, पण हाच कांटा गळलेला होता काय, याचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. आतां १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें साळिंदराच्या शिकारीस बंदी आहे. तेव्हां नवा कांटा कोणाकडूनही विकत आणावयाचा नाहीं, एवढें मात्र त्याच्यादेखत ठरलें.

विधि जुन्याच कांट्यानें झाला. नंतर आक्कांनीं तो स्वतः पुसला आणि डबींत ठेवला. डबी मात्र देवघरांतून माडीवर गेली.