वॉल काढल्याने गाडी थंड राहत नाही

"थर्मोस्टॅट वॉल काढून टाका, गाडी परत हीट होणार नाही." जुन्या डिझेल गाडीचा काटा एकदा वर गेला की हा सल्ला कुठूनतरी येतोच. गॅरेजात मिळतो, पंपावर मिळतो, सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर नक्कीच मिळतो. कारणही ठरलेलं असतं: हा वॉल बर्फ पडणाऱ्या देशांसाठी असतो, आपल्याकडे थंडी कुठे आहे?

हे साफ चूक आहे. गेली कित्येक वर्षं मी हे ऐकतो आहे आणि या सल्ल्यापायी चांगली इंजिनं खराब होताना पाहतो आहे, म्हणून एकदा नीट सांगतो.

वॉल म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं दार. त्यात मेण भरलेली एक छोटी पितळी कुपी असते. इंजिनातलं पाणी साधारण 82 अंशांवर पोचलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि दार उघडतं. गाडीगणिक हा आकडा थोडा बदलतो. तो बहुधा वॉलवरच कोरलेला सापडेल. तोवर पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. ते गरम व्हायलाच हवं, त्या तापमानासाठीच ते बनवलेलं असतं. आता बाहेरच्या हवेचं बघा. मे महिन्यातलं नागपूर 45 अंश, डिसेंबरातलं महाबळेश्वर 10 अंश. 82 च्या मानाने दोन्ही गारच! मग आपल्याकडे वॉलची गरज नाही, हे आलं कुठून?

इंजिन गार राहिलं की डिझेल नीट जळत नाही. न जळलेलं थोडं थोडं रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. आत पाण्याची वाफ साचते, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसायला लागतो. कॉमन रेल गाडीत तर इंजिन अजून गारच आहे असं समजून संगणक डिझेल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, आणि मालक पंपावाल्याला दोष देतो.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. पुष्कळ इंजिनांत या वॉलला खाली दुसरी चकती असते. रेडिएटरचं दार उघडतं तशी ती इंजिनातला आखूड रस्ता बंद करते. वॉलच काढला तर हा आखूड रस्ता कायमचा उघडा राहतो आणि बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाताच माघारी फिरतं. सपाट रस्त्यावर गाडी गार वाटते आणि चढावर तापते. म्हणजे ज्या कारणासाठी वॉल काढला, नेमकं तेच होतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या 2008 सालच्या सात आसनी गाडीचा वॉल एका मेकॅनिकने असाच काढला होता. गणपती आटोपून चिपळूणहून कराडला परतताना कुंभार्ली घाटात, धुक्यात, बारीक पाऊस चालू असताना काटा लालला टेकला. मागे आई आणि दोन मुलं. तासभर बॉनेट उघडं ठेवून उभे होतो.

घरी आल्यावर नवा वॉल आणला आणि बसवण्याआधी तपासला. तुम्हीही तपासा, सोपं आहे. वॉलच्या फटीत जाड दोरा अडकवायचा, त्या दोऱ्याने वॉल पातेल्यातल्या पाण्यात टांगायचा, शेजारी थर्मामीटर ठेवायचा आणि गॅस पेटवायचा. 70 ला काही नाही, 80 ला काही नाही. 83 दिसले, चकती उचलली गेली, दोरा सुटला आणि वॉल टपकन पातेल्याच्या तळाशी. गार पाण्यात धरला की पुन्हा घट्ट बंद.

मग गाडी मुळात हीट का होत होती? रेडिएटरच्या झाकणाचं रबर चिरलं होतं. या झाकणाकडे कुणी बघतच नाही. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा दाबाचा आकडा असतो. 0.9 बारच्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. झाकण दाब धरत नसेल तर 100 लाच. म्हणूनच तापल्या गाडीचं झाकण उघडू नये: दाब सुटतो, पाणी क्षणात उकळून अंगावर येतं. झाकण, जाळीत अडकलेली धूळ, आतला क्षार, ढिला पट्टा, वॉटर पंप, फॅन हे सगळं तपासून झाल्यावर वॉलवर संशय घ्या. वॉल अडकलेला निघाला तर बदला, काढून टाकू नका.

असेच सर्रास मिळणारे आणखी काही सल्ले आहेत, तेही तपासून घ्या. "कुलंट कशाला, पाणी चालतं." वाटेत अडलात तर चालतं, कायम नाही: बोअरच्या पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्या बुजवतो आणि कुलंटमधली गंजरोधक द्रव्यं पाण्यात नसतात. किती प्रमाणात घालायचं ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं.

"ऑइल काळं झालं, बदला." डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम आहे, बदलायचं ते किलोमीटर आणि महिने बघून.

"उतारावर न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं." उलट आहे. गिअरमध्ये पाय काढला की आजची इंजिनं डिझेल तोडतात, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगपुरतं जाळावंच लागतं. आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. भरलेली गाडी घेऊन घाट उतरताना हे करणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, थांबवा.

"टायरला नक्षी आहे, मग काय झालं?" कडेवरचे चार आकडे वाचा, 2317 म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा. इतकं जुनं रबर कडक होऊन चिरतं, नक्षी कितीही असो.

"पंधरा वर्षं झाली, आता भंगारातच." मोटार वाहन कायदा 1988, कलम 41 वाचा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि गाडी तपासणीत पास झाली की पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं. महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो, तो भरावा. डिझेलची 10 वर्षांची मर्यादा राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांतून आली ती दिल्ली परिसरासाठी. या गैरसमजापायी धड गाडी मिळेल त्या भावात विकलेली कुटुंबं मला माहीत आहेत. आमची कुंभार्लीत तापलेली गाडी अजून दर गणपतीला तोच घाट चढते, आणि काटा मधल्या रेघेवरून हलत नाही.