विंचवाचं बिऱ्हाड

२००४ सालची गोष्ट. चेल्सीविरुद्ध लांब स्टडचे बूट घाल, असं मँचेस्टर युनायटेडचे प्रशिक्षक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी दिएगो फोर्लानला बजावलं होतं. तो हो म्हणाला आणि नेहमीचेच बूट घालून उतरला. ऐन गोलसमोर पाय घसरला, सामना गेला. बूट बदलायला तो ड्रेसिंग रूमकडे धावला, पण फर्ग्युसन यांनी गाठलंच. बूट हिसकावले आणि भिरकावून दिले. हा किस्सा फोर्लानने पुढे स्वतःच सांगितला. युनायटेडमधलं त्याचं बिऱ्हाड तिथेच उठलं.

खरं तर घराणं फुटबॉलचंच. देश जेमतेम ३५ लाख वस्तीचा उरुग्वे. आजोबा हुआन कार्लोस कोरात्सो देशाच्या संघाचे प्रशिक्षक, वडील पाब्लो दोन विश्वचषक खेळलेले. दिएगो मात्र लहानपणी टेनिसमध्येही रमलेला. १९९१ मध्ये बहिणीच्या मोटार अपघाताने घर हादरलं. पुढे रॅकेट मागे पडली आणि फुटबॉल पोटापाण्याचा झाला.

अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंटेतून जानेवारी २००२ मध्ये तो ६९ लाख पौंडांना युनायटेडमध्ये आला. त्यानंतर आठ महिने, २७ सामने, गोल शून्य! पहिला गोल झाला तो सप्टेंबरात, इस्रायलच्या मकाबी हैफाविरुद्ध, तोही पेनल्टीवर. नोव्हेंबरात साउदॅम्प्टनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत त्याने विजयी गोल मारला आणि आनंदाच्या भरात शर्ट काढला. खेळ सुरू झाला तरी तो पुन्हा अंगात जाईना. गडी शर्ट हातात धरून उघड्या अंगानेच चेंडूमागे पळत होता. त्याच वर्षी डिसेंबरात लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर त्याने दोन गोल केले. युनायटेडचे चाहते त्याला आजही मानतात ते त्या दोन गोलांसाठी.

परदेशी खेळाडू फसला की आपण त्याच्या पायांत खोट काढतो. मला वाटतं, खोट बऱ्याचदा पत्त्यात असते. युनायटेडनंतरचा त्याचा पत्ता, स्पेनमधलं व्हियारेयाल, हे पन्नासेक हजार वस्तीचं गाव. प्रशिक्षक चिलीचे पेयेग्रिनी, पास देणारा अर्जेंटिनाचा रिकेल्मे, ड्रेसिंग रूममध्ये बोली स्वतःची. तिथे पहिल्याच हंगामात लीगमध्ये २५ गोल, आणि युरोपचा गोल्डन शू थिएरी ऑन्रीबरोबर विभागून! २००७ मध्ये तो अ‍ॅटलेटिको माद्रिदला गेला. तिथे २००८-०९ च्या हंगामात ३२ गोल करून गोल्डन शू पुन्हा पटकावला, तो एकट्याने. २०१० च्या युरोपा लीग अंतिम सामन्यात फुलहॅमविरुद्धचे दोन्ही गोल त्याचेच.

त्याच वर्षीचा दक्षिण आफ्रिकेतला विश्वचषक हा त्याचा कळस. हवेत वाट्टेल तशा वळणाऱ्या जाबुलानी चेंडूला गोलरक्षक वैतागले होते. फोर्लानला मात्र तो वश झाला होता. पाच गोल, त्यांतला नेदरलँड्सविरुद्धचा लांबून, डाव्या पायाने. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत अगदी शेवटी त्याची फ्री-किक जर्मनीच्या गोलच्या आडव्या दांडीवर आदळली आणि उरुग्वे चौथा राहिला. सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल तरीही त्यालाच मिळाला.

पुढचा प्रवास उतरणीचा. इंटर मिलानने त्याला घेतलं खरं, पण तो आधीच अ‍ॅटलेटिकोकडून युरोपात खेळलेला असल्याने चॅम्पियन्स लीगच्या साखळीत त्याला उतरवताच येईना. एवढा मोठा क्लब, पण नियम वाचायचा राहिला! मग ब्राझील, जपान आणि वडिलांचा जुना क्लब पेन्यारोल.

२०१६ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, हे बिऱ्हाड मुंबईत आलं. अंधेरीच्या मैदानावर १९ नोव्हेंबरला त्याच्या मुंबई सिटी संघाने केरळ ब्लास्टर्सचा ५-० धुव्वा उडवला, त्यात फोर्लानची हॅटट्रिक होती. संघ साखळीत अव्वल आला. उपांत्य फेरीच्या कोलकात्यातल्या सामन्यात त्याला लाल कार्ड मिळालं, परतीच्या सामन्याला तो मुकला आणि मुंबईचा हंगाम तिथेच संपला.

हाँगकाँगच्या किची क्लबकडून अखेरचे सामने खेळून २०१९ मध्ये त्याने बूट खुंटीला टांगले. उरुग्वेसाठी ११२ सामने, ३६ गोल. नोव्हेंबर २०२४ मध्ये, ४५व्या वर्षी, तो मॉन्टेव्हिडिओच्या व्यावसायिक टेनिस स्पर्धेत दुहेरीत उतरला. पहिल्याच फेरीत हरला, ६-१, ६-२.