तान्ह्या बाळाचा एमआरआय कशासाठी?

जन्मानंतर काही आठवड्यांत बाळाच्या अंगावर लालभडक, मऊ गाठ वाढू लागली की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. बहुतेकदा तो हेमँजिओमा असतो, म्हणजे रक्तवाहिन्यांची, कॅन्सर नसलेली गाठ. पहिले काही महिने ती झपाट्याने वाढते, मग काही वर्षांत हळूहळू विरते. जाणते डॉक्टर ती नुसती पाहून ओळखतात. फार तर सोनोग्राफी करतात. सरसकट एमआरआय करणं मला पटत नाही.

पण गाठ डोळ्याच्या खोबणीत किंवा कमरेखाली मणक्यावर असेल, तर ती आत कुठवर पोचली आहे हे एमआरआयमध्येच नीट कळतं. काही चित्रांत गाठ पांढरीशुभ्र दिसते आणि वेगाने रक्त वाहणाऱ्या वाहिन्या तिच्यात काळ्या रेघांसारख्या उमटतात. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात.

मोठी अडचण बाळाच्या हालचालीची. अगदी लहान बाळाला पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कान झाकून झोपेतच तपासणी उरकता येते. थोड्या मोठ्या बाळाला भूल द्यावी लागते. त्याआधी आईचं दूध साधारण ४ तास, वरचं दूध ६ तास बंद ठेवतात. नेमकी वेळ भूलतज्ज्ञांनाच विचारा.