पथक आणि बिऱ्हाड



प्रवासाला निघालेल्या माणसाला घरची माणसे दारात दोन प्रश्न विचारतात. कोठे चाललात, हा पहिला. आणि परत कधी, हा दुसरा. चित्रपटाच्या पथकात काम करणाऱ्या माणसाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेमके देता येते. जैसलमेर, मनाली किंवा आपल्या वाईजवळचे मेणवली, असे काही तरी तो सांगतो. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र तो अडखळतो. मी छायालेखकाचा मदतनीस म्हणून सव्वीस वर्षे काम केले. नट पुढे-मागे सरकला तरी त्याचा चेहरा पडद्यावर स्पष्ट राहावा म्हणून भिंगावरचे कडे फिरवीत राहणे, हे माझे काम. या सव्वीस वर्षांत ‘परत कधी?’ या प्रश्नाला मी बहुतेक वेळा एकच उत्तर दिले : ‘बहुधा वीस तारखेला.’ या ‘बहुधा’विषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

आपल्याकडील चित्रपटाचा जन्मच मुळी घरात झाला. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला तो दादरच्या राहत्या बंगल्यात. १९१३ साली तो लोकांपुढे आला. दिवसा पथकाचा स्वयंपाक करावा आणि रात्री अंधारात बसून फिल्मच्या कडांना भोके पाडावी, असा सरस्वतीबाईंचा दिनक्रम होता. मुलगा भालचंद्र त्यात रोहिदास झाला, आणि पुढे १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. पथक आणि बिऱ्हाड तेथे एकच होते. कोणी कोणाला ‘परत कधी?’ म्हणून विचारण्याचे कारण नव्हते. मात्र त्या घराला विसावाही नव्हता, हे विसरून चालणार नाही.

त्यानंतर चित्रसंस्थांचा काळ आला. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्यास आली. तेथील सुतार, रंगारी, छायालेखक, ध्वनिलेखक हे सारे महिन्याच्या पगारावर होते. अरण्य हवे असेल तर ते आवारात उभे राही. राजवाडा हवा असेल तर तोही सुतारकामातून निघे. काम कष्टाचे होते, रात्रीही जागवणारे होते. तथापि ज्या गावात काम, त्याच गावात घर होते. पुढे त्या संस्था मोडल्या. ‘प्रभात’च्या आवारात १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली. तंत्रज्ञ मासिक पगारावरून रोजावर आला, आणि कॅमेरा आवाराबाहेर पडून खऱ्या डोंगरावर, खऱ्या नदीकाठी जाऊ लागला. प्रेक्षकाला खरे जग दिसू लागले. पथकातील माणसाचे घर मात्र त्याच वेळी दूर राहिले.

दूर जाणे ही काही अपूर्व गोष्ट नव्हे. कोकणातील खलाशी महिनोन् महिने जहाजावर असतो. पण त्याचा करार किती महिन्यांचा, हे घरी ठाऊक असते. त्या हिशेबाने देवकार्य ठरते, लग्नाची तिथी धरली जाते. पथकातील माणसाच्या घरी हा हिशेब जमत नाही, याची कारणे कामाच्या स्वरूपातच आहेत.

पहिले कारण प्रकाश. एका दृश्याचा पहिला तुकडा उन्हात घेतला आणि दुसऱ्याच्या वेळी ढग आले, तर ते दोन तुकडे एकमेकांना जुळत नाहीत. मग शंभरांवर माणसे आकाशाकडे पाहत बसून राहतात. दुसरे कारण ऋतू. सत्यजित राय यांनी १९५२ साली ‘पथेर पांचाली’चे पहिले चित्रीकरण काशगवताच्या फुललेल्या रानात केले. ते नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी काम करीत. पुढच्या रविवारी ते परतले, तो गुरांनी सारा फुलोरा खाऊन टाकला होता. ते दृश्य पुरे करण्यासाठी पुढल्या वर्षीच्या मोसमाची वाट पाहावी लागली. तिसरे कारण पैसा. पथक एकदा परगावी नेले, की राहण्याजेवणाचा आणि यंत्रांच्या भाड्याचा खर्च रोज चढत जातो. म्हणून काम अपुरे टाकून परतण्यापेक्षा दिवस वाढवणे निर्मात्याला परवडते. वाढलेल्या दिवसांचा रोज आम्हांला मिळतो, हे खरे. पण ‘माझी तारीख झाली, मी जातो’ असे म्हणणाऱ्याला पुढच्या चित्रपटाचे बोलावणे येईलच, याची खात्री नसते.

यात दिवसाची लांबीही मिळवावी. कामाची पाळी बारा तासांची म्हटली, तरी दिवे लावणारा माणूस सर्वांच्या आधी येतो आणि दिवे गाडीत चढवून सर्वांच्या नंतर निघतो. त्यापुढे मुक्कामापर्यंतची वाट असते. खोलीवर पोचून घरी फोन करावा, तर मुले झोपलेली असतात.

माझी मुलगी आठ वर्षांची असताना मी हिमाचलात गेलो होतो. वीस तारखेला येतो, म्हणून सांगितले होते. ती रोज रात्री भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर एक फुली मारी. पाऊस लागला आणि मी एकोणतीस तारखेला घरी पोचलो. फुल्या विसापर्यंतच होत्या. तिने रागही दाखवला नाही, रडलीही नाही. पुढच्या खेपेला मी पिशवी उचलली, तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘बाबा, कुठे चाललात?’ दुसरा प्रश्न तिने विचारलाच नाही. माझी गैरहजेरी तिने सोसली होती. माझ्या शब्दावर विसंबणे तेवढे तिने सोडून दिले होते.

तेव्हापासून मी काही नियम पाळले. अपेक्षित तारखेच्या पुढे चार दिवस धरून मगच घरी तारीख सांगावयाची. काम महिन्याहून लांबणार असेल, तर मधली तीन दिवसांची सुटी आरंभीच मागून घ्यावयाची. दुपारच्या जेवणाच्या सुटीत, मुले जागी असताना, ठरल्या वेळी फोन करावयाचा. सुटीच्या अटीपायी एक चित्रपट हातचा गेला आणि त्यानंतर अडीच महिने मी घरी बसून काढले. तेव्हा नियम सांगणे सोपे आहे, असे मी म्हणणार नाही.

एकट्या माणसाचे नियम पुरेसे नाहीत, हेही खरेच. चित्रपट-कामगाराशी लेखी करार केला पाहिजे, असे १९८१ च्या कायद्याने ठरवून दिले होते. कराराची ती गरज आजही तितकीच आहे. त्या करारात मोबदल्याच्या आकड्याशेजारी परतीची तारीख आणि दोन पाळ्यांमधील विश्रांतीचे तास लिहिले जावेत. आठ तासांच्या दिवसाची चर्चा २०२५ साली मोठ्या कलावंतांच्या निमित्ताने पुष्कळ झाली. ती दिवे वाहणाऱ्या माणसापर्यंत पोचली, तरच तिचे सार्थक. ऊन आणि पाऊस कोणाच्या हातचे नाहीत. परंतु त्यांच्यासाठी चार दिवस आधीच राखून ठेवणे निर्मात्याच्या हातचे आहे.

आपल्यापैकी कोणाच्या घरचे माणूस या व्यवसायात असेल, तर निघताना त्याला तो दुसरा प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर देताना तो अडखळेल, तरीही विचारावा. माझ्या मुलीने तो पुन्हा विचारला, त्याला दोन वर्षे लागली. मी म्हणालो, ‘चोवीस तारखेला.’ आणि बाविसाव्या दिवशी रात्री मी दाराची कडी वाजवली.