हालचालीच्या अंतराचे दृष्टीविना आकलन

डोळे मिटलेले असताना आपला हात किती अंतर सरकला हे जाणण्याची क्षमता प्रोप्रिओसेप्शनचा, म्हणजे अवयवांची स्थिती व गती आतूनच ओळखणाऱ्या संवेदनेचा, एक भाग आहे. ही संज्ञा ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये रूढ केली.

स्नायूंमधील तर्कूच्या आकाराचे संवेदक स्नायूची लांबी व ती बदलण्याचा वेग मेंदूला कळवतात. कंडरांतील संवेदक ताण कळवतात. सांध्यांवरील त्वचा आणि मेंदूने स्वतःच स्नायूंना दिलेली आज्ञा यांचाही आधार मिळतो. गुडविन, मॅक्लॉस्की व मॅथ्यूज यांनी १९७२ मध्ये दाखवले की, दंडाच्या पुढील स्नायूची कंडरा कंपित केल्यास कोपर प्रत्यक्षाहून अधिक सरळ झाल्याचा भास होतो.

मात्र यांपैकी एकही संवेदक सेंटिमीटर मोजत नाही. अंतर हे मेंदूने इतर माहितीवरून काढलेले अनुमान असते. प्रयोगात डोळे बांधलेली व्यक्ती सरळ दांडीवरील मूठ अडसरापर्यंत सरकवते व नंतर अडसराविना तीच हालचाल पुन्हा करते. दुसऱ्या वेळी आरंभबिंदू बदलला, तर 'तीच जागा गाठा' आणि 'तेवढेच अंतर जा' हे दोन प्रश्न वेगळे होतात. सहसा जागा अधिक अचूक गाठली जाते, अंतर चुकते. मधल्या काळात उलटे आकडे मोजण्यासारखे काम दिल्यास जागेची आठवण बिघडते. अंतराची आठवण मात्र नुसता वेळ गेला तरी ओसरते.

चुकांनाही दिशा असते. हॉलिंगवर्थ यांना १९०९ मध्ये आढळले की, लहानमोठ्या हालचाली एकाच मालिकेत दिल्यास लहान हालचाली लांबतात व मोठ्या आखडतात. तसेच शरीराकडे येणारी वा दूर जाणारी हालचाल, तितक्याच आडव्या हालचालीपेक्षा लांब वाटते. मिटल्या डोळ्यांनी कागदावर सारख्या लांबीच्या उभ्या व आडव्या रेघा ओढून हे घरीही तपासता येते, अर्थात एकदोन रेघांवरून निष्कर्ष काढू नये.

ही संवेदना नाहीशी झाल्यास काय होते, याचे उदाहरण इंग्लंडमधील इयान वॉटरमन हे होत. १९७१ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, आजारानंतर त्यांची मानेखालील स्पर्श व स्थितीची जाणीव गेली. स्नायूंची ताकद शाबूत असूनही त्यांना उठून बसता येईना. प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून ते पुन्हा चालायला शिकले. पण अंधार झाला की तोल जाई.